खारेपाटाचा बांध : दुरुस्तीचा इतिहास कसा वाचायचा?

पेटची तयारी करणारी, संशोधन आराखडा लिहायला बसलेली मुलं एक अडचण नेहमी सांगतात. "स्थानिक इतिहासावर काम करायचंय, पण आमच्या भागात किल्ला नाही, लेणी नाहीत, शिलालेख नाही. मग साधनं आणायची कुठून?" आजच्या लेखात या अडचणीवर एका मातीच्या बांधाच्या मदतीने बोलू. हा बांध दिसायला अगदी साधा आहे. उंचीला माणसाएवढा, काही ठिकाणी थोडा जास्त, वर गवत, बाहेरच्या अंगाला दगड. त्याच्याकडे पुरातन वास्तू म्हणून कुणी बघणार नाही. पण इतिहासाचे किती प्रश्न त्यात दडलेत ते बघा.

आधी जागा समजून घेऊ. अंबा नदी सह्याद्रीतून उतरते, पाली-नागोठण्यावरून वाहत येते, पुढे धरमतरची खाडी होते आणि रेवसजवळ मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. या खाडीच्या दोन्ही अंगांना, पेण आणि अलिबाग तालुक्यांत, जो सपाट, चिकणमातीचा पट्टा आहे तो खारेपाट. वडखळहून अलिबागला जाताना धरमतरचा पूल ओलांडला की पोयनाडच्या आसपास दोन्ही बाजूंना भातखाचरं दिसतात. पावसाळ्यात हे दृश्य इतकं नेहमीचं वाटतं की आपण विचारही करत नाही. पण मोठ्या उधाणाच्या वेळी खाडीतलं पाणी या खाचरांच्या पातळीपेक्षा वर असतं. मधे फक्त बांध असतो. म्हणजे ही जमीन निसर्गाने दिलेली नाही, माणसांनी खाडीकडून मागून घेतलेली आहे. आणि खाडी ती दिवसातून दोनदा परत मागते.

आता जवळच असलेल्या एका दुसऱ्या बांधकामाशी तुलना करा. नागोठण्याला अंबा नदीवर जुना दगडी पूल आहे, निजामशाहीच्या काळातला, साधारण १५८० च्या सुमाराचा. तो बांधवण्याचं श्रेय चौलच्या काझी अल्लाउद्दीन यांना दिलं जातं. पुलाला काळ आहे, कर्ता आहे, म्हणून त्याला इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळते. खारेपाटातल्या बांधांना यातलं काहीच नाही. एक तर ते एका माणसाने एका वर्षात बांधलेलेच नाहीत. दुसरं म्हणजे, आज जो बांध उभा आहे त्यातली माती दरवर्षी थोडी थोडी बदलत आली आहे. पूल एकदा बांधला की शतकं उभा राहू शकतो. बांध एकदा बांधला की लगेच दुसऱ्या दिवसापासून ढासळायला लागतो.

म्हणून माझं म्हणणं असं : खारेपाटाचा वारसा बांध हा नाही, बांधाची दुरुस्ती हा आहे. इथे 'कुणी बांधलं?' हा प्रश्न फार दूर नेत नाही. 'दुरुस्ती कुणी केली, आणि त्याचा खर्च कुणाच्या पदरात पडला?' हा प्रश्न विचारला की कागद, कायदे, लढे, भाताच्या जाती, सगळं बोलायला लागतं.

बांधाचं काम नेमकं चालतं कसं?

मी विज्ञान शाखेची, त्यामुळे आधी यंत्रणा समजून घ्यायची सवय. खारेपाटात दोन प्रकारचे बांध असतात. खाडीला लागून असलेला मोठा बांध म्हणजे बाहेरकाठा. आतमधे शेता-शेतांचे लहान बांध. बाहेरकाठ्याला ठिकठिकाणी दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. उघाडीचं दार खाडीच्या बाजूला उघडेल असं लावलेलं असतं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप घट्ट मिटतं. ओहोटीला खाडीची पातळी खाली जाते, आतलं पावसाचं पाणी दाराला ढकलतं आणि बाहेर निघून जातं. ना मोटर, ना वीज. मात्र दारात लाकडाचा ओंडका किंवा गाळ अडकला, तर हीच उघाडी खारं पाणी आत घेते. म्हणजे यंत्र आपोआप चालतं, पण त्यावर नजर ठेवणारा माणूस लागतोच.

मातीचं रसायनही समजून घ्या, कारण पुढचा इतिहास त्यावर उभा आहे. पावसाळ्यात खाचरात गोडं पाणी साठतं आणि मातीतलं मीठ खाली ढकलतं किंवा उघाडीतून बाहेर नेतं. उन्हाळ्यात उलटं होतं. जमिनीतला ओलावा केशाकर्षणाने वर चढतो, पाणी उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर पांढऱ्या थराने बसतं. म्हणून इथे पावसाळी भाताचं एकच पीक हा वर्षानुवर्षांचा नियम होता. आणि तेही कुठलंही भात नव्हे. रोप लहान असताना आणि पीक फुलोऱ्यावर असताना भाताला खारटपणा सर्वांत जास्त सोसत नाही. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवडून ठेवलेलं 'राता' हे तांबड्या दाण्याचं भात मात्र तग धरायचं. पेरणीची रीतही वेगळी. बी आधी मोड आणून घ्यायचं आणि चिखलावर फेकायचं, याला रहू पद्धत म्हणतात. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रात याच रात्यातून 'काळा राता' आणि 'भुरा राता' यांची निवड झाली, आणि नंतर 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' अशा क्षारसहनशील जाती तिथून आल्या. भाताची जात हादेखील इतिहासाचा पुरावा असतो, हे इथे लक्षात ठेवा.

आता खांड. बाहेरकाठा फुटून पडलेल्या भगदाडाला खांड म्हणतात. खांड बुजवणं हे खरं कसब. पाणी आत-बाहेर वाहत असताना माती टिकत नाही, म्हणून काम ओहोटीच्या चार-पाच तासांत उरकावं लागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात तर हात घालायचाच नाही. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, भरती कमी चढते, तेव्हा माणसं गोळा करायची. मुंबई बंदराच्या भागात मोठ्या उधाणाला पाण्याची चढउतार चार मीटरपेक्षा जास्त होते. एका तिथीचा अंदाज चुकला की दिवसभराची माती वाहून जाणार.

इथे एक गंमत करून बघा. कोकणात भरतीची वेळ काढायचा तोंडी हिशेब आहे : तिथीला तीनने गुणा, चाराने भागा, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. आता शास्त्र लावा. चंद्राच्या एका महिन्यात भरतीची वेळ एकूण २४ तास पुढे सरकते आणि तिथी असतात ३०. म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. तोंडी हिशेबात येतात ४५. तिथीमागे फरक फक्त तीन मिनिटांचा, आणि हिशेब मनातल्या मनात करता येण्याजोगा. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं घेऊन तुम्ही हा हिशेब महिनाभर पडताळू शकता. लोकज्ञानाचं नुसतं कौतुक करण्यापेक्षा ते असं तपासणं हा त्याचा जास्त मोठा सन्मान आहे, असं मला वाटतं.

खर्च कुणाचा?

यंत्रणा कळली की मग कागदांकडे जायचं. पहिला कागद सगळ्यांना माहीत असलेला : मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा जिल्ह्याचा खंड, १८८३ सालचा. (कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये. जुने कागद शोधताना हे लक्षात नसेल तर अर्धी साधनं हाताला लागत नाहीत.) गॅझेटियरमध्ये खारजमिनीच्या संदर्भात 'शिलोत्री' हा शब्द येतो. खाडी बांधून जमीन लागवडीला आणणारा तो शिलोत्रीदार. बाहेरचा मोठा बांध त्याने राखायचा, आणि त्याबदली आत कसणाऱ्यांकडून साऱ्याशिवाय आणखी भात घ्यायचं, साधारण बिघ्यामागे एक मण. आतले लहान बांध ज्याचे त्याने बघायचे.

हा मणभर भात नीट बघा. तो भाडं नाही, तो दुरुस्तीचा निधी आहे. म्हणजे व्यवस्थेत एक सौदा लिहिलेला आहे : उत्पन्नाचा हक्क आणि बांधाची जबाबदारी एकाच माणसाकडे. इंग्रजी राजवटीने खाडीतली जमीन उठवण्यासाठी जे करार केले त्यांतही हाच धागा दिसतो. पहिली १० वर्षं सारा माफ, पुढची २० वर्षं एकरी ४ आणे, आणि ठरलेल्या मुदतीत जमीन लागवडीला आणली नाही तर करार रद्द. खारजमीन लगेच पिकत नाही, मीठ धुऊन जायला बरेच पावसाळे लागतात, हे सरकारलाही हिशेबात धरावं लागलं होतं. मातीच्या रसायनाने महसुलाचा नियम ठरवला असं म्हटलं तरी चालेल.

पण कागदावरचा सौदा आणि चिखलातलं काम यांत अंतर असतं. बांधावर प्रत्यक्ष माती टाकणारे हात कुळांचे होते, आणि खारेपाटात बहुसंख्य कुळं आगरी समाजाची. मिठागर म्हणजे आगर, आणि त्यावरून आगरी, हे नातं तुम्हाला ठाऊक असेलच. ज्या लोकांनी खाडीचं पाणी अडवून मीठ काढलं, त्याच लोकांनी पाणी बाहेर ठेवून भात पिकवलं. दोन्ही कामांना लागणारं ज्ञान एकच : पाण्याची पातळी आणि चिखलाचा स्वभाव. गावात याची रीत ठरलेली होती, तिला जोळ म्हणत. एका बांधाच्या आत ज्यांची जमीन त्या सगळ्यांनी मिळून अंगमेहनतीने तो बांध राखायचा. खांड गेली की कुणाच्या शेतासमोर गेली हे विचारायचं नाही, कारण पाणी आत आलं की ते गटनंबर बघून थांबत नाही.

गॅझेटियर शिलोत्रीदाराचं नाव घेतं, जोळाला तेवढी जागा देत नाही. यात आश्चर्य नाही. तो ग्रंथ राज्यकारभारासाठी लिहिला होता, त्यामुळे सारा भरणारा त्याला दिसतो, माती टाकणारा धूसर होतो. साधन वाचताना 'हे कुणासाठी लिहिलंय?' असं विचारायला आपल्याला शिकवतात, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

चरीचा संप आणि खारी माती

हा सौदा किती ताणला गेला होता, ते १९३३ मध्ये दिसलं. अलिबाग तालुक्यातलं चरी हे खारेपाटातलं गाव. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथे शेतकऱ्यांची सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं थांबवलं. संप १९३९ पर्यंत चालला. आसपासची २५ गावं त्यात होती. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. शेवटी कुळांना कायद्याचं संरक्षण मिळण्याची वाट इथूनच मोकळी झाली.

हा इतिहास बहुतेकांनी वाचलेला असतो. पण तो खारेपाटात घडला, या गोष्टीकडे जरा थांबून बघा. देशावरची जमीन एक-दोन वर्षं पडीक ठेवली तर गवत माजतं, पुन्हा नांगरता येते. खारजमीन अशी वाट बघत बसत नाही. बांधावर माती पडली नाही, उघाडी साफ झाली नाही, की खाडी आत शिरते, आणि मग मीठ धुण्यापासून सगळं पुन्हा सुरू. ज्यांनी कसणं थांबवलं त्यांना हे खोतापेक्षा जास्त कळत होतं. तरीही त्यांनी सहा वर्षं माघार घेतली नाही. खंडाचा बोजा किती असह्य असेल, ते या एका गोष्टीवरून मोजा. चरीच्या संपाची धार समजायला राजकीय इतिहासाइतकंच माती-पाण्याचं ज्ञान लागतं.

तुमच्यापैकी कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या : संपाच्या सहा वर्षांत बाहेरकाठ्यांचं काय झालं? महसूल खात्याचा त्या वर्षांचा पत्रव्यवहार, साऱ्याच्या सुटीचे अर्ज, आणि १९३७ पासून निघू लागलेल्या 'कृषीवल'चे अंक, एवढ्यांपासून सुरुवात करता येईल.

न्याय मिळाला, बांध राहिला

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९४८ चा कूळकायदा आला. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी भात मोजून दिलं त्यांच्या नावावर सातबारा आला. हा न्यायच होता, आणि तो उशिरा झाला.

पण सातबारा शेताचा असतो, बाहेरकाठ्याचा नाही. शेतांचे तुकडे एकेका घराच्या नावावर गेले. बाहेरचा बांध मात्र वाटून घेता येण्याजोगी वस्तू नव्हती. जुन्या अन्यायी व्यवस्थेला निदान कागदावर जी जबाबदारी चिकटलेली होती, ती व्यवस्था गेल्यावर मोकळी पडली. सरकारने ती उचलायचं ठरवलं. १९४८ मध्येच मुंबई सरकारने खारजमिनींसाठी वेगळा कायदा करून मंडळ नेमायची सोय केली, आणि पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकासाचा कायदा आला. खारबंदिस्तीच्या योजना झाल्या, बांध उंच झाले, काही उघाड्या पक्क्या झाल्या. त्याचा फायदाही झाला.

फरक पडला तो वेळेत. जोळात खांड संध्याकाळी कळली तर पुढच्या भांगाला माणसं बांधावर असत. सरकारी कामाला पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा असे टप्पे लागतात, आणि खाडीचं घड्याळ १२ तास २५ मिनिटांचं आहे. दोन घड्याळं जुळत नाहीत. त्यात पेण-अलिबागच्या तरुणांना कारखान्यांत, मुंबईत रोजगार मिळाला. एका पिकासाठी चिखलात उतरायला घरात माणूस उरला नाही. जोळ कुणी बंद केला नाही. तो हळूहळू कुणाच्या लक्षात येईनासा झाला.

आणि खांड उघडी राहिली की आत तिवर उगवतं. खारफुटीचं बी भरतीबरोबर येतं, गाळात रुजतं, आणि काही वर्षांत भातखाचराच्या जागी कांदळवन उभं राहतं. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला मनाई केली, २०१८ च्या अंतिम निकालात ती कायम झाली, आणि खासगी जमिनीवरच्या कांदळवनालाही ती लागू आहे. किनाऱ्यासाठी हा निकाल फार मोलाचा आहे, याबद्दल शंका नको. तिवर लाटा अडवतं, माशांच्या पिल्लांना आसरा देतं. जुने शेतकरीही बाहेरकाठ्याच्या बाहेरची तिवरांची पट्टी राखतच होते, कारण ती बांधाची ढाल. पण बांधाच्या आत उगवलेलं तिवर वेगळी कथा सांगतं. वेळेत खांड बुजली नाही म्हणून बुडालेलं शेत आता कायद्याने जंगल होतं. कागदावर शेतकरी मालक, जमिनीवर खाडी.

म्हणून 'पर्यावरण विरुद्ध शेती' अशी सोपी मांडणी करायच्या आधी क्रम तपासा. आधी काय झालं? दुरुस्ती थांबली. तिवर नंतर आलं. जुने मोजणी नकाशे आणि वेगवेगळ्या वर्षांची उपग्रह चित्रं एकावर एक ठेवली तर कुठल्या खांडीनंतर कुठे कांदळवन वाढलं, हे दाखवता येतं. हे काम विज्ञानाच्या विद्यार्थ्याला जमण्याजोगं आहे, आणि त्याचा उपयोग ज्या घराची जमीन गेली त्याला प्रत्यक्ष होऊ शकतो.

तुमच्या भागासाठी

तुमच्या भागात खाडी नसेल. पण पाट असेल, फड असेल, गावतळं असेल, घाट असेल, वाड्याचं कौलारू छप्पर असेल. तिथे जाऊन हे चार प्रश्न विचारा. ही गोष्ट बिघडते कधी आणि कशाने? बिघडली हे पहिल्यांदा कुणाला कळतं? दुरुस्तीला कोण येतं? आणि त्याला त्याबदली काय मिळतं, किंवा मिळायचं? पहिल्या प्रश्नाला विज्ञान लागतं, दुसऱ्याला गावातली माणसं, तिसऱ्या-चौथ्याला दप्तर. तिन्ही ठिकाणी गेल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

माणसांकडे जाताना प्रश्नांची छापील यादी घेऊन जाऊ नका. खारेपाटात 'परंपरागत जलव्यवस्थापन' म्हटलं तर समोरचा गप्प बसेल. 'शेवटची खांड कधी गेली होती?' असं विचारा, तासभर बोलेल. कुणाच्या लग्नाच्या वर्षी गेली, किती माणसं होती, कुणाचा रेडा वाहून जाता जाता वाचला. जमलं तर दारचं तळंही बघा. घराच्या जोत्यासाठी माती काढली त्या खड्ड्याचं तळं झालं, आणि खाडीतून पकडून आणलेली जिताड्याची पिल्लं त्यात वाढवली. जिताडा खाऱ्यातही जगतो आणि गोड्यातही. त्याच्याविषयी बोलताना लोक पाण्याबद्दल जे सांगतात ते कुठल्याही अहवालात मिळणार नाही.

हे सगळं लिहून घ्यायला वेळ थोडा आहे. जोळात स्वतः माती टाकलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. भांगाच्या कुठल्या दिवशी खांडीला हात घालायचा आणि पहिलं ढेकूळ कुठे ठेवायचं, हे त्यांच्या हाताला माहीत आहे. दप्तरं पुढची वीस वर्षं तरी कपाटात राहतील. आराखडा लिहिताना कामाचा क्रम ठरवायचा असेल, तर आधी त्यांच्याकडे जा.